शरदातली भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की ओळखीपाळखीतून तेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या विषयावर मला थांबता येत नाही.

शरद म्हणजे नेमका कधी? पानगळ तर शिशिरात असते ना?

बरोबर पकडलंत. आपल्या सहा ऋतूंच्या हिशेबात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि पानं झडायची ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. समशीतोष्ण प्रदेशांत ऋतू चारच. त्यामुळे शरदाचं धुतलेलं आकाश आणि शिशिराची पानगळ तिथे एकाच ऋतूच्या पदरात पडते, आणि मराठीत आपण त्याला शरद म्हणून मोकळे होतो.

उत्तर गोलार्धात हा ऋतू २२-२३ सप्टेंबरच्या संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र सारखी होते त्या दिवसापासून मोजतात. हवामानवाल्यांचा हिशेब याहून सोपा, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. दक्षिण गोलार्धात तोच १ मार्च ते ३१ मे. खाली सगळे महिने उत्तरेचे आहेत. दक्षिणेकडच्यांनी सहा महिन्यांची भर घालून वाचावं.

पानांचे रंग ऐन बहरात असतील तो दिवस कसा गाठायचा?

गाठू नका. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण माझं मत तेच आहे.

एका वर्षी मी रंगांचे अंदाज रोज बघून एक शनिवार नक्की केला, चार जणांच्या सुट्ट्या जुळवल्या. शुक्रवारी रात्री जोराचा वारा सुटला. पोचलो तेव्हा झाडं उघडी आणि सगळा रंग जमिनीवर. आधी सगळ्यांची तोंडं उतरली. मग वाटेवरून चालायला लागलो तर घोट्यापर्यंत पिवळी पानं, पायांचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येईना, आणि वरून मोकळा उजेड थेट खाली आलेला. त्या दिवसापासून मी दिवस ठरवत नाही, वाट ठरवते. घरापासून तासाभरात पोचता येईल अशी एकच वाट, आणि तिथे तीनदा जायचं : सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या मध्यावर, नोव्हेंबर लागल्यावर. तिसऱ्या खेपेला तुम्हाला कोणतं झाड आळशी आणि कोणतं उतावीळ ते नावानिशी ठाऊक झालेलं असतं. बर्च आणि अॅश घाई करतात, ओक सगळ्यात शेवटी. कोवळी बीचची झाडं तर वाळलेली तपकिरी पानं हिवाळाभर अंगावर वागवतात.

लांबचा प्रवास करणारच असाल तर एक लक्षात ठेवा : रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्यावरून पायथ्याकडे उतरत येतो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी घसरतं, म्हणून. जपानमध्ये होक्काइदोच्या दाइसेत्सुझान डोंगरात सप्टेंबरच्या मध्यालाच पानं पेटतात, क्योतोला त्यासाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडावा लागतो. काश्मीरचे चिनार ऑक्टोबरअखेरीस रंगतात. तुम्ही लवकर पोचला असाल तर वर चढा, उशीर झाला असेल तर खाली उतरा. बहुतेक वेळा काम होतं.

पानं रंग बदलतात म्हणजे नक्की काय होतं?

पिवळा रंग नवीन येत नसतो. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, आणि उन्हाळाभर पानातच असतो, पण हरितद्रव्याच्या गर्दीत दिसत नाही. दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की झाड आवराआवर सुरू करतं. हरितद्रव्य मोडतं आणि पानातला नायट्रोजन खोडात आणि मुळांत ओढून घेतं. हिरवा पडदा सरकला की मागचा पिवळा उघडा पडतो.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो अँथोसायनिनचा, आणि बऱ्याच झाडांत ऋतूच्या शेवटी मुद्दाम तयार होतो. जे पान आठवडाभरात टाकायचं त्याच्यावर झाडाने खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. एक गट म्हणतो, आवराआवर चालू असताना कडक उन्हापासून पान वाचावं म्हणून. दुसरा म्हणतो, किडींना इशारा म्हणून. तपकिरी मात्र उरलासुरला रंग, मुख्यतः टॅनिनचा.

पान गळणं हाही अपघात नसतो. देठ जिथे फांदीला मिळतो तिथे पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि तोच जोड सैल करतो. एकदा हे जवळून बघा. पिवळं झालेलं पान देठाच्या बुडाशी धरून हलकेच मागे वाकवा. तयार असेल तर जराही न फाटता ‘टक्’ करून सुटतं, आणि फांदीवर एक छोटा, कोरडा, जवळपास बुजलेला व्रण दिसतो. भिंगातून पाहिलंत तर त्यात ठिपके दिसतील, पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांची ती टोकं. व्रणाच्या लगेच वर मिटलेली कळी असते, पुढच्या वर्षीची. ती उन्हाळ्यातच तयार झालेली असते.

गिंको हे झाड दारात असेल तर पहिल्या कडक थंडीनंतरची सकाळ चुकवू नका. बाकीची झाडं आठवडे लावतात, हे जवळपास सगळी पानं एक-दोन दिवसांत खाली सोडतं, वारा नसला तरी.

यंदा लाल कमी आणि पिवळंच जास्त दिसतंय. असं का?

पिवळा दरवर्षी साधारण सारखाच असतो, कारण तो आधीच साठवलेला. लाल हवामानावर ठरतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठण्याइतका नाही, असे आठ-दहा दिवस मिळाले की पानात साखर अडकून राहते आणि लाल खुलतो. ढगाळ, उबदार ऑक्टोबर गेला की लाल फिका. दुष्काळात पानं रंगायच्या आधीच करपून गळतात.

सकाळी किती वाजता निघायला हवं?

सूर्य उगवायच्या आधी पोचा. झोपेचं खोबरं होतं, मान्य.

शरदातलं धुकं रात्रीच्या निरभ्र आकाशाचं देणं असतं. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमीन झपाट्याने थंड होते, तिला चिकटलेली हवा गारठते आणि जड होऊन उताराने खोलगट भागात साचते. वारा पडलेला असेल तर तिथेच धुकं धरतं. म्हणून ते दरीत, ओढ्याकाठी, तळ्यावर मिळतं, माळावर नाही. आदल्या दिवशी पाऊस, रात्री चांदण्या आणि वारा शून्य, हे तीन जुळले की मी गजर लावते. आधी टेकडीवर चढून धुकं वरून पाहायचं, पांढऱ्या पाण्यातून झाडांचे शेंडे वर आलेले असतात. ऊन चढलं की तास-दोन तासांत ते विरतं. मग खाली उतरायचं.

खाली उतरल्यावर कुंपणाजवळ वाका. सप्टेंबर-ऑक्टोबरात बऱ्याच कोळ्यांच्या माद्या पूर्ण वाढलेल्या असतात, त्यामुळे जाळी मोठी, आणि धुक्याने प्रत्येक धाग्यावर दवाचे मणी ओवलेले. सूर्याकडे तोंड करून गवत पाहिलंत तर रानभर बारीक रेशमी तंतू चमकताना दिसतील. ती कोळ्यांची पिलं उडून गेल्याची खूण. पिलू गवताच्या टोकावर चढतं, पोट वर करतं, धागा सोडतं आणि हवेत तरंगत निघून जातं. नुसत्या वाऱ्यावर नाही बरं का : हवेतलं विद्युतक्षेत्रही त्यांना उचलायला पुरतं, असं ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं.

कपडे आणि सामान काय न्यावं?

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. सकाळी ४ अंश, दुपारी १८, आणि तीन वाजल्यानंतर पारा पुन्हा घसरणीला. जास्तीचे मोजे, कारण दवाने भिजलेलं गवत पावसापेक्षा जास्त बूट ओले करतं. थर्मास. बसायला प्लॅस्टिकचा तुकडा.

आणि टॉर्च. हसू नका. साधारण ५० अक्षांशावर संपाताच्या सुमाराला दिवस रोज जवळपास ४ मिनिटांनी आखडतो, म्हणजे पंधरवड्यात तासभर उजेड गेला. त्यातून युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. नेमक्या अशाच एका रविवारी मी आदल्या आठवड्याच्या हिशेबाने निश्चिंत चालत होते. झाडीत पाच वाजता मिट्ट काळोख झाला. फोनची बॅटरी थंडीने आधीच ढेपाळलेली. शेवटचे दोन किलोमीटर मी पायाखालच्या आवाजावरून काढले : पानं वाजतायत तोवर झाडीत, खडी वाजली की वाट. पाऊण तास लागला. तेव्हापासून डोक्याला बांधायचा टॉर्च सॅकमधून बाहेर काढलेला नाही.

रानात अळंबी दिसतात. खाल्ल्या तर चालतील?

नाही.

जाणकार माणूस प्रत्यक्ष शेजारी उभा असेल आणि त्याने प्रत्येक अळंबी हातात घेऊन पाहिली असेल, तरच. फोटोवरून ओळखणारं अॅप म्हणजे जाणकार नव्हे. डेथ कॅप नावाची फिकट हिरवट अळंबी दिसायला साधी, चवीला वाईट नाही असं ती खाऊन जगलेले लोक सांगतात, आणि शिजवल्याने तिचं विष जात नाही. त्रास सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. मग उलट्या-जुलाब थांबून बरं वाटायला लागतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. ‘चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी’, ‘किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली’ या सगळ्या थापा आहेत.

बघायला मात्र अळंबीसारखी मजा नाही. पावसानंतर चार-पाच दिवसांनी जा. बऱ्याच जाती ठरावीक झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतात, म्हणून बर्चखाली एक आणि बीचखाली दुसरी असा नेम असतो. एखादी छत्री घरी आणून देठ कापा, निम्मी पांढऱ्या आणि निम्मी काळ्या कागदावर पडेल अशी पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर तिच्या खालच्या पडद्यांची हुबेहूब नक्षी बीजाणूंनी उमटलेली असते, कधी पांढरी, कधी गुलाबी, कधी शाईसारखी काळी. नंतर हात धुवा, आणि ती वाटी स्वयंपाकात परत जाण्याआधी घासून घ्या.

कुणाच्या शेतातून गेलं तर चालतं का?

देशागणिक कायदा वेगळा. स्कॉटलंड, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये मोकळ्या रानात फिरायचा हक्क सर्वांना आहे, इतरत्र आखलेल्या पायवाटेवरूनच जावं लागतं किंवा विचारावं लागतं. कायदा काहीही असो, फाटक जसं होतं तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं फाटक बरेचदा जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ठेवलेलं असतं, आणि ‘कुणीतरी विसरलं असेल’ म्हणून चांगुलपणाने लावणारा माणूस घोळ करून जातो.

कापणी झालेलं शेत रिकामं दिसतं, पण पुष्कळदा त्यात पुढचं पीक पेरलेलं असतं. हिरवं ‘गवत’ ओळीत उगवलं असेल तर ते गवत नव्हे. कडेने जा. वासरांसोबत गाई असतील तर लांबून वळसा घ्या. कुत्रा बांधलेलाच हवा, पण गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या, तिचा राग कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. बांधावरच्या झाडाखाली पडलेली फळंही कुणाची तरी असतात. विचारलं तर लोक पिशवी भरून देतात, हा माझा अनुभव. न विचारता उचलली तर साहजिकच तापतात.

बऱ्याच देशांत हा शिकारीचाही हंगाम. गावात चौकशी करा आणि भडक नारिंगी काहीतरी अंगात घाला.

पक्षी कधी आणि कुठे दिसतील?

सप्टेंबरात तारांवर माळभिंगऱ्यांची रांग लागते आणि एका सकाळी तारा रिकाम्या होतात. ऑक्टोबरात बदकं आणि हंस. पट्टकादंब मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि ७००० मीटरच्याही वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. पण सगळ्यावर कडी म्हणजे बार-टेल्ड गॉडविट नावाचा चिखलपायी पक्षी. २०२२ च्या ऑक्टोबरात अंगावर ट्रान्समीटर लावलेलं त्याचं एक पाच महिन्यांचं पिलू अलास्काहून निघून ११ दिवस न थांबता १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियाला उतरलं. त्याआधी त्याने तो रस्ता कधी पाहिलेला नव्हता.

तुम्हाला एवढं लांब जायची गरज नाही. निरभ्र रात्री अंगणात दिवे मालवून उभे राहा. बरेच छोटे पक्षी रात्रीच प्रवास करतात आणि अंधारातून त्यांची बारीक ‘त्सीप’ ऐकू येते. नोव्हेंबरात सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बोरूच्या रानाजवळ किंवा झाडीजवळ थांबलात तर स्टारलिंगचे, म्हणजे भोरडीच्या जातभाईंचे, थवे मिळतात. ज्यांनी भोरड्यांचे ढग आभाळात वळताना पाहिलेत त्यांना वर्णन नको, ज्यांनी नाही पाहिले त्यांना वर्णनाचा उपयोग नाही.

थंडी पडली म्हणजे गोचिडी संपल्या ना?

नाही संपल्या. ४-५ अंशांच्या वर तापमान असेल तर त्या हिंडत असतात. विजार मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, उदबत्ती काही नको. पुढच्या महिन्याभरात तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

गाडीने जाताना काही वेगळी काळजी?

ओली पानं रस्त्यावर साबणासारखी असतात, वळणावर वेग आधीच कमी करा. सूर्य दिवसभर खाली असल्यामुळे काच आतूनही पुसून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ. संधिप्रकाशात एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर लगेच निघू नका, मागे दुसरं असतं. ट्रॅक्टरच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

फोनवर काढलेले फोटो फिके का येतात?

सूर्य पाठीमागे घेऊन काढता म्हणून. उलटं करा. पान तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आलं पाहिजे, मग ते आतून उजळतं. ऑक्टोबरअखेर ५० अक्षांशावर भरदुपारीही सूर्य २६ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे असा तिरपा उजेड दिवसभर मिळतो. आणि एका झाडाचा फोटो काढा, अख्ख्या डोंगराचा नको.

पाऊस असेल तर बेत रद्द करावा का?

रिमझिम असेल तर अजिबात नाही. ओल्या सालीवर पिवळा रंग जास्त उठतो आणि वाटेवर गर्दी नसते. वासासाठी तर पाऊसच हवा. मातीचा तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. कात्सुरा नावाचं झाड जवळ असेल तर त्याच्या गळलेल्या पानांना चक्क जळक्या साखरेचा वास येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुणाच्या घरी पाक करपलाय म्हणून इकडेतिकडे बघत होते.

वादळी वारा असेल तर मात्र घरी बसा. पानांसकट झाडं वाऱ्याला जास्त अंगावर घेतात आणि फांद्या मोडतात.

मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. काय करावं?

किलोमीटर विसरा. पानांचा ढीग आणि अर्धा तास द्या. त्यानंतर कामं सोपवा : एकाच झाडाची पाच वेगळ्या रंगांची पानं शोध, टोपीसकट ओकचं फळ आण, भोक पडलेलं फळ आण आणि भोक कुणी पाडलं ते सांग. घरी आणलेली पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वजनाखाली ठेवा, पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. कागद बदलला नाही की पानं काळी पडतात आणि दोष मुलांच्या माथी जातो.

रात्री मुक्काम करण्यात अर्थ आहे?

हो, आणि अमावस्येच्या आसपास केलात तर फारच. आठ-नऊला अंधार पक्का झालेला असतो, मुलांनाही जागवावं लागत नाही. वर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो तो पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. त्याच्या कोपऱ्यातून देवयानीची रांग निघते, आणि तिच्या मध्याजवळ, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला, एक पुसट डाग असतो. नजर थोडी बाजूला ठेवली तरच दिसतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची. नुसत्या डोळ्यांनी याहून फार लांबचं काही दिसत नाही. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर येतो. २१ ऑक्टोबरच्या सुमाराला पहाटे मृगातून उल्का पडतात, हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेली धूळ.

पौर्णिमेलाच जावं लागलं तर संपाताजवळची निवडा. एरवी चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. या दिवसांत मध्य अक्षांशांवर हा उशीर २०-३० मिनिटांवर येतो, त्यामुळे तीन-चार संध्याकाळी ओळीने सूर्य मावळता मावळता मोठा तांबूस चंद्र हजर.

सगळी पानं गळून गेल्यावर जाण्यात काय हशील?

मला तर तेव्हाच जायला आवडतं. गाड्या लावायला जागा असते, आणि झाडी पारदर्शक झालेली असते. उन्हाळाभर ज्या फांदीखालून गेलो तिच्यावर घरटं होतं, हे आत्ता कळतं. खारींची पानांचे गोळे करून बांधलेली घरं दिसतात. सुतारपक्ष्याची भोकं मोजता येतात. कुंपणावर आयव्ही ही वेल असेल तर ती ऐन नोव्हेंबरात फुललेली असते, आणि ऊन असेल तर तिच्यावर उशिरापर्यंत मधमाश्या घोंगावतात, बाकी सगळीकडे सामसूम असताना. जाताना दुर्बीण घ्या. आणि दोन वाजता परतीला लागा.